सांध्यांचा जुना आजार आणि विद्यापीठाचा अभ्यास: पेपर, प्रात्यक्षिक, जिने यांचं कसं जमवावं?

शाईची_दौत (धागाकर्ती)

नमस्कार. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं पहिलं सत्र सुरू होतंय. आजार रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. दोन्ही मनगटं, बोटांचे मधले सांधे आणि उजवा गुडघा धरलेला आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबून हा आजार आटोक्यात ठेवणारं औषध) चालू. आजार बराचसा आटोक्यात आहे, पण सकाळी हात मोकळे व्हायला तासभर लागतोच.

नेमके प्रश्न असे:

१) ३ तासांचा लेखी पेपर. जादा वेळ मागावा, लेखनिक मागावा की टाइप करायची परवानगी?
२) ४ तासांचं प्रात्यक्षिक, त्यातलं बरंचसं उभ्यानं. ब्युरेट, पिपेट (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळ्या), घट्ट बसलेली झाकणं.
३) डॉक्टरांच्या पत्रात काय काय असायला हवं? "सदर विद्यार्थिनीस अमुक आजार आहे, सवलत द्यावी" एवढ्या मजकुराचं पत्र "नक्की कोणती सवलत?" अशा शेऱ्यासह परत आलंय.
४) वर्ग वरच्या मजल्यांवर विखुरलेले आहेत.

घरगुती उपाय आणि "मन खंबीर ठेव" सोडून काहीही चालेल.

---

खिडकी_क्रमांक_४

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण पत्र नीट नसेल तर बाकीच्या तिन्ही गोष्टी अडतात.

कार्यालयाला आजाराच्या नावावरून काहीच ठरवता येत नाही. रुमॅटॉइड असलेला एक जण तीन तास लिहू शकतो, दुसऱ्याला वीस मिनिटांत पेन धरवत नाही. म्हणून नाव एका ओळीत उरकायचं आणि बाकी पत्र कामाच्या भाषेत लिहून घ्यायचं: कोणती क्रिया, किती वेळ जमते, त्यानंतर काय होतं, किती विश्रांतीनं भरून येतं. नमुना देतो:

"पेन धरून सलग १५ ते २० मिनिटं लिहिल्यावर मनगट व बोटांच्या सांध्यांत वेदना वाढते आणि पकड सैल होते. १० मिनिटांच्या विश्रांतीनंतर लेखन पुन्हा शक्य होते, मात्र दर वेळी कालावधी कमी होत जातो. सकाळी जागे झाल्यापासून सुमारे एक तास हातांची हालचाल मर्यादित असते. सलग १५ मिनिटांहून जास्त उभे राहिल्यास उजव्या गुडघ्यास सूज येते."

आकडे अर्थात तुमचे घाला. ते काढायला दोन आठवडे साधी नोंद ठेवा: वेळ, काय केलं, किती मिनिटं, मग काय झालं. त्यावरून मसुदा स्वतः टाइप करून डॉक्टरांकडे न्या. बाहेर वीस पेशंट बसलेले असताना डॉक्टर कोऱ्या कागदावर एवढं लिहिणार नाहीत. तयार मसुदा दुरुस्त करून सही करायला मात्र पाच मिनिटं पुरतात.

दोन वाक्यं हमखास राहून जातात. पहिलं: "आजाराची तीव्रता दिवसागणिक बदलते, बऱ्या दिवशीची क्षमता ही नेहमीची क्षमता समजू नये." हे नसलं की सोमवारी जिना चढताना पाहिलेला माणूस गुरुवारी लिफ्टची किल्ली द्यायला कुरकुर करतो. दुसरं: "आजार दीर्घकालीन असून ही शिफारस अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत लागू आहे." हे नसेल तर दर सत्राला नवं पत्र.

शेवटी मागण्या, आणि प्रत्येक मागणीपुढे वरच्या वर्णनातलं कारण. परीक्षा आणि प्रात्यक्षिक यांची पत्रं वेगळी घ्या. परीक्षेचं पत्र परीक्षा विभागात जातं, प्रात्यक्षिकाचं विभागप्रमुखांकडे. एकच पत्र दोन्हीकडे फिरायला लागलं की एकीकडे अडकून पडतं. आणि अर्ज सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात करा. वेळापत्रक लागल्यावर खोली, लेखनिक, संगणक या सगळ्याची मारामार असते. पोच घ्यायला विसरू नका.

---

तिरपा_बाक

पेपरबद्दल. जादा वेळ सगळ्यांना आधी सुचतो आणि सांध्यांच्या बाबतीत तोच सर्वांत अर्धवट उपाय आहे. ३ तासांना २५ टक्के जादा म्हणजे पावणेचार तास. हात तोच, मनगट तेच, त्यावर ४५ मिनिटं आणखी. सलग बसल्यानं गुडघा आखडतो तो वेगळाच.

मागायचं ते हे: घड्याळ थांबवून विश्रांती. दर ४० ते ४५ मिनिटांनी १० मिनिटं. पर्यवेक्षक वेळ नोंदवतो, पेपर उलटा ठेवला जातो, तुम्ही उठून चार पावलं चालता, हात गरम पिशवीवर ठेवता. तेवढी मिनिटं शेवटी मिळतात. हे "जादा वेळ" या सदरात मोडत नाही, म्हणून अर्जात स्वतंत्र लिहावं लागतं. दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या, पण एकच मिळणार असेल तर विश्रांती.

टायपिंग की लेखनिक? निबंधवजा उत्तरं असतील तर टायपिंग. कळ दाबायला फार कमी जोर लागतो आणि तो सगळ्या बोटांत वाटला जातो. पेनमध्ये मात्र अंगठा आणि दोन बोटं सतत चिमटा धरून असतात. पण लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवून बडवलात तर मनगटाचे हाल पेनपेक्षा वाईट होतील. पडदा डोळ्यांच्या उंचीला, कीबोर्ड वेगळा, त्याचे मागचे पाय मिटलेले (ते उघडले की मनगट वर वाकतं), कोपर ९० अंशांहून किंचित उघडा, मनगट सरळ रेषेत. कंट्रोल किंवा शिफ्ट धरून दुसरी कळ दाबायची कसरत संगणकातली स्टिकी कीज ही सोय चालू करून टाळता येते. एकामागून एक दाबल्या तरी चालतात. माउस उभ्या धाटणीचा घ्या आणि पॉइंटरचा वेग वाढवा, म्हणजे हात कमी सरकतो.

रसायनशास्त्रात रचनासूत्रं आणि अभिक्रिया असल्यानं निव्वळ टायपिंग पुरणार नाही. मिश्र व्यवस्था मागा: मजकूर टाइप, आकृत्या हातानं.

हातानं लिहायचं तेव्हासाठी: बॉलपेन टाळा, त्याला कागदावर दाब द्यावा लागतो. जेल किंवा रोलरबॉल नुसत्या टेकण्यानं वाहतं. पेनाचा घेर वाढवा. फोमची नळी चढवून अडीच-तीन सेंटिमीटर जाडी झाली की बोटं कमी वळतात आणि चिमटा ढिला होतो. त्याहून जाड केलं तर ताबा जातो, अक्षर घसरतं. पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात टेकवून धरण्याची पद्धतही शिकून घ्या, अंगठ्याच्या मुळावरचा भार चांगलाच हलका होतो. कागद १५ ते २० अंश तिरप्या फळीवर, क्लिपनं अडकवलेला. दुसऱ्या हातानं कागद दाबून धरायचं काम उरत नाही, आणि मानही कमी झुकते.

यातलं काहीही परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. निदान दोन जुन्या प्रश्नपत्रिका त्याच खुर्चीवर, त्याच पेनानं, तेवढ्याच विश्रांतीसह सोडवून बघा.

---

पट्टीवाला

एवढा घोळ कशाला? मनगटाचा पट्टा मिळतो तो दिवसरात्र लावून ठेवायचा, प्रश्न मिटला.

---

बोटमोजणी

@पट्टीवाला, मिटत नाही, वाढतो. पट्ट्याचे दोन प्रकार आहेत. रात्रीचा, जो सुजलेला सांधा आरामाच्या स्थितीत ठेवतो. आणि कामाचा, जो लिहिताना, उचलताना मनगट वाकू देत नाही. कामाचा पट्टा कामापुरताच. दिवसभर लावला तर मनगट आखडतं, आसपासचे स्नायू ढिले पडतात आणि न होणारी हालचाल बोटांच्या मुळाशी किंवा कोपरात जाऊन तिथं दुखायला लागतं. सांधे मुळातच जास्त वाकणारे, म्हणजे हायपरमोबाइल असतील, त्यांना तर स्नायूंचाच आधार असतो. तो घालवून कसं चालेल? पट्टा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या उपचारतज्ज्ञाकडून) मापानं घ्यावा आणि दिवसातून दोन-तीनदा काढून सांधा पूर्ण फिरवावा.

धागाकर्तीला आणखी एक. काम थांबवायचा इशारा दुखण्याकडून घेऊ नका, घड्याळाकडून घ्या. दुखायला लागलं तेव्हा उशीर झालेला असतो. सोसतं त्या वेळेच्या पाऊणपट वेळ लावायची: २० मिनिटांनी दुखत असेल तर १५ व्या मिनिटाला थांबा. थांबणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. लिहिण्यानंतर वाचन, मग बोलून टिपण, मग पुन्हा लिहिणं, असं काम बदलत राहायचं. एखाद्या कामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीही उतरलं नसेल तर पुढच्या वेळी ते काम कमी करा. आणि बरा दिवस उजाडला म्हणून साचलेला सगळा अभ्यास त्याच दिवशी उरकायला बसू नका. पुढचे तीन दिवस कशात गेले ते मग कळतही नाही.

सांधा आखडलेला असेल तर शेक, १५ ते २० मिनिटं. सांधा गरम, लाल, टम्म सुजलेला असेल तर गार, १० मिनिटं, मध्ये कापड ठेवून.

जाड ग्रंथ हातात धरून वाचू नका, स्टँडवर ठेवा. फोन एका हातात धरून अंगठ्यानं सरकवत तासभर वाचणं हे तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याला सर्वांत वाईट.

---

फ्यूम_हूड

प्रात्यक्षिकाचं मी सांगते, हे प्रयोगशाळेत उभं राहणाऱ्यांनाच माहीत असतं.

पहिली मागणी: दुपारची बॅच. सकाळच्या ताठ बोटांनी काचसामान हाताळणं हा नुसता गैरसोयीचा नाही, सुरक्षिततेचा मुद्दा आहे, आणि अर्जात तो याच शब्दांत लिहा. त्याला कोणी सहसा नाही म्हणत नाही.

ब्युरेट टेफ्लॉनच्या तोटीची मागून घ्या. काचेची तोटी ग्रीस वाळलं की अडते आणि बोटं पिरगळून फिरवावी लागते. ब्युरेट भरण्यासाठी स्टँडवर वर हात करून ओतायचं नाही. क्लँप खाली सरकवून, फनेल लावून, छातीच्या खालच्या उंचीवर भरायचं. स्टँडचे स्क्रू आधीच कोणी राक्षसासारखे आवळून ठेवलेले असतात, ते प्रयोगशाळा साहाय्यकाकडून सैल करून घ्यायला अजिबात लाजू नका.

पिपेटचा रबरी फुगा दाबणं सुजलेल्या बोटांना फार जड. त्याऐवजी चाक फिरवायचा पंप, आणि तोही अंगठ्याला झोंबत असेल तर विजेवरचा पिपेट कंट्रोलर. मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजणारी पिपेट) असेल तर इलेक्ट्रॉनिक मागा. साध्या मायक्रोपिपेटमध्ये सगळा जोर अंगठ्यावर येतो, त्यातही टिप (पुढचं बदलायचं प्लास्टिकचं टोक) उडवायला लागणारा सर्वांत जास्त. टिप बसवताना ठोकायची नाही, हलकं टेकवून किंचित फिरवलं की बसते. ठोकून बसवलेली टिप काढताना दुप्पट जोर मागते. टिपांचा डबा आणि टाकायचं भांडं हाताशी, बुटकं.

झाकण फिरत नसेल तर रबरी जाळीचा तुकडा, बाटली ओल्या कापडावर टेकवलेली, आणि तळहातानं फिरवायचं, बोटांनी नव्हे. काचेचं बूच अडकलं असेल तर हात लावू नका. ते जोरानं काढताना बाटलीची मान तुटून काच तळहातात घुसते.

काचेच्या कांडीऐवजी चुंबकी ढवळणी. १ लिटरऐवजी २५० मिलिलिटर द्रावण चालत असेल तर तेच करा. विभाजक नरसाळं (एकमेकांत न मिसळणारे द्रव वेगळे करायचं तोटीचं भांडं) हलवायचं काम सोबत्याकडे द्या; मनगट उलटसुलट करत दाब सोडायचा असतो, आणि त्यात पकड सुटली तर द्रावक अंगावर येतो. हालचाल सोबत्याची, पण निरीक्षण, वाचन, नोंद, कधी थांबायचं हा निर्णय तुमचा, असं वाटून घ्या आणि परीक्षकांना आधी लेखी कळवा. "हिनं स्वतः केलंच नाही" हा वाद तोंडीच्या वेळी नको.

उंच, थोडं पुढे झुकलेलं स्टूल मागा, ज्यावर अर्धवट उभं राहिल्यासारखं बसता येतं. पूर्ण बसून काम केलं की चेहरा द्रावणाच्या पातळीला येतो आणि सांडलं तर मांडीवर येतं, शिवाय आखडलेला गुडघा पटकन उठू देत नाही. स्टुलामागची वाट मोकळी हवी.

हातमोजे नेहमीपेक्षा एक माप मोठे, ओढताना बोटं दुखत नाहीत. दोन मापं मोठे घेतले तर पकड जाते. कापडी पट्टा लावून प्रयोगशाळेत येऊ नका. तो द्रावक शोषतो आणि त्वचेला लावून ठेवतो. आत पट्टा लागणारच असेल तर पुसता येणाऱ्या प्लास्टिकचा, वर हातमोजा.

---

आठवड्याची_गोळी

औषधाचं कोणी बोललं नाही म्हणून. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. वसतिगृहात राहताना, गडबडीत ती रोज घेतली जाणं ही या औषधातली सर्वांत घातक चूक आहे. वार डबीवर ठळक लिहा आणि फॉलिक अ‍ॅसिडची (मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करायला देतात त्या गोळीची) डबी वेगळी ठेवा. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी मळमळतं, डोकं जड होतं. म्हणून गोळीचा वार असा निवडा की दुसरा दिवस सुट्टीचा असेल. परीक्षेच्या काळात वार हलवायचा तर डॉक्टरांना विचारून, आणि काही झालं तरी दोन डोस जवळजवळ नको. चुकलेल्या डोसाचंही तेच, फोन करून विचारा.

विद्यापीठाच्या दवाखान्यात लघवीच्या जंतुसंसर्गावर किंवा खोकल्यावर काही लिहून दिलं तर आधी सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे. कोट्रायमॉक्साझोल किंवा ट्रायमेथोप्रिम ही जंतुनाशक औषधं त्याच्यासोबत चालत नाहीत, रक्तपेशी धोकादायक कमी होऊ शकतात. रक्ततपासणीच्या तारखा सत्राच्या वेळापत्रकात आत्ताच घाला. पेपरांच्या गर्दीत पहिली तीच बुडते. जिवंत विषाणूची लस, दारू, गरोदरपणाची शक्यता, हे तिन्ही विषय डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलून घ्या. दुखलं म्हणून दुकानातून वेदनाशामक आणताना दोन प्रकारची एकत्र घेऊ नका, आणि स्टिरॉइड चालू असेल तर ते स्वतःहून एकदम बंद करू नका.

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला, टेकवेना, सोबत ताप, तर हा नेहमीचा भडका समजून झोपून राहायचं नाही. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर ताप कमी दिसू शकतो, म्हणून ताप नाही यावर विसंबू नका.

जिन्यांचं: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे तुमच्या बाबतीत डाव्या. उंची अशी की हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी येते. पण तुमची मनगटंही दुखतात, तेव्हा गोल मुठीची साधी काठी चालणार नाही. तळहात पसरून टेकता येईल अशी रुंद मूठ, आणि तरीही दुखलं तर सगळा पुढचा हात टेकवायची कुबडी. सॅक दोन्ही खांद्यांवर, वजन शरीराच्या दहा टक्क्यांच्या आत. हातात लटकवायची पिशवी पूर्ण बंद.

आणि लिफ्ट बंद पडल्यावर त्या दिवशी तक्रार करण्यापेक्षा, सत्राच्या सुरुवातीलाच वर्ग खालच्या मजल्यावर हलवायची मागणी करा. एका तुकडीसाठी खोली बदलणं वेळापत्रक बनवताना सोपं असतं, नंतर अशक्य.

---

शाईची_दौत

सगळ्यांचे आभार, पत्राचा मसुदा करायला घेतलाय. एक राहिलं. ज्या पेपराला टायपिंग मिळणार नाही तिथं लेखनिक घ्यावाच लागेल. सूत्रं आणि रचना त्याला सांगायच्या कशा? लेखनिक दुसऱ्या विषयाचा असतो.

---

तिरपा_बाक

आधीच खुणा ठरवून सरावात पक्क्या करा. अपूर्णांकात सर्वांत जास्त गोंधळ होतो: "ए अधिक बी भागिले सी" ऐकून कोणी काहीही लिहील. त्याऐवजी "अंश सुरू, ए अधिक बी, अंश संपला, छेद सी" असं म्हणा. कंसाचं तेच, सुरू आणि बंद दोन्ही मोठ्यानं. पायाखालचा आकडा "खाली", घाताचा "वर": सल्फेटचा आयन म्हणजे "एस, ओ, खाली चार, वर दोन उणे". दर सूत्रानंतर त्यानं ते वाचून दाखवायचं, हा नियम पहिल्याच मिनिटाला सांगा. लेखनिकानं स्वतःहून वाक्य सुधारायचं नसतं, तेही.

वलयं सांगता येतात: "षटकोन, वरचं टोक एक, घड्याळाच्या दिशेनं क्रमांक, दुहेरी बंध एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, तीनवर नायट्रो." अभिक्रियेतले वाकडे बाण (इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातात ते दाखवणारे) मात्र सांगून कधीच नीट येत नाहीत. शेपूट कोणत्या बंधावर आणि टोक कोणत्या अणूवर, यातच सगळे गुण असतात. तेवढे बाण स्वतः काढायची परवानगी अर्जात मागा, आणि हाताची ताकद त्यांच्यासाठीच राखून ठेवा. क्रमही तसा लावा: आकृत्यांचे प्रश्न पहिल्या विश्रांतीनंतर लगेच, हात गरम असताना, निव्वळ मजकुराचे शेवटी, कारण ते बोलून होतात.